ओल्या दोराभोवती

नद्यांवर अजून पूल बांधले जात नव्हते, त्या काळातली ही गोष्ट. एका राज्यात दोन नद्यांचा संगम होता आणि तिथे पाण्याला ओढ फार होती. नाव उलटली की काठावर शंख वाजे. मग हातातलं काम टाकून गावातले दहा पट्टीचे पोहणारे दोर घेऊन पाण्यात उड्या घेत. त्यांच्या प्रमुखाला सगळे नाईक म्हणत.

थोरल्या नाईकांची एक रीत होती. माणसं बाहेर काढली की घरी जायचं नाही. दहाही जणांनी काठावर बसून भिजलेला दोर पिळायचा आणि उन्हात पसरायचा. दोर लांब होता, त्यामुळे वेळ लागे. तेवढ्यात प्रत्येकाने पाण्यात काय झालं ते सांगायचं. सुरुवात नाईक स्वतः करत.

एकदा ते म्हणाले, "आज मी इतका भ्यालो की देवीला बोकड बोलून बसलो. आता कुणाचा बोकड नेऊ, तेवढं सांगा."

सगळे हसले. हसता हसता एकाला रडू फुटलं. कुणी त्याला गप्प केलं नाही.

थोरले नाईक वारले आणि त्यांच्याच हाताखाली पोहलेले धाकटे नाईक आले. ते शूर होते, मनाने वाईट नव्हते. पण दमलेल्या माणसांनी दोर पिळत बसावं हे त्यांना पटेना. त्यांनी त्या कामाला दोन गडी ठेवले. पोहणाऱ्यांसाठी हलगी आणि हार आले. बुडालेल्याचं नाव घेतलं की हात जड होतात, म्हणून ते कुणी घेऊ नये, असंही त्यांनी बजावलं.

त्या दहांत एक बाई होती. तिच्याइतका लांबचा सूर कुणाला मारता येत नसे. एका दुपारी तिने पाच जणांना ओढून आणलं. सहावा एक म्हातारा कासार होता. त्याचा हात तिच्या हातात आला आणि निसटला.

काठावर हलगी वाजत होती. ती नाईकांजवळ जाऊन हळूच म्हणाली, "एक निसटला."

"पाच आणलेस ना? मग पाचांचं बोल," नाईक म्हणाले आणि त्यांनी तिच्या गळ्यात हार घातला.

त्या दिवसापासून तिला उजव्या हाताने घास घेववेना. ती काठावर जाई आणि जिथे दोर पसरत, त्या जागेकडे बघत उभी राही. कुणीतरी आपल्याला एकदा विचारावं, एवढंच तिला वाटे. पण गडी आपलं काम करून निघून जात. तिच्यासारखेच गप्प झालेले दोघे जण तर गाव सोडून गेले होते.

मग एकदा शंख वाजला आणि ती घराबाहेर आलीच नाही.

माणसं बाहेर काढून झाल्यावर नाईक रागाने तिच्या दारी गेले. दारात तिची आई होती. ती म्हणाली, "परक्यांसाठी नदीत उड्या मारता, नाईक. माझी लेक घरात बुडतेय, ती नाही दिसली?"

नाईक आत गेले. लेक पदराखाली हात लपवून बसली होती. ते रागवायला आले होते, पण तिच्यासमोर जमिनीवर बसले.

मग म्हणाले, "पहिल्याच वर्षी माझ्या हातून एक बाई गेली. तिच्या लुगड्याचा काठ हिरवा होता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही."

तिने वर पाहिलं. "थोरल्या नाईकांनाही नाही?"

"ते दर वेळी सुरुवात करायचे. माझी पाळी आली की मी खोकत बसायचो. पुढे ती बैठकच मोडून टाकली, म्हणजे मला बोलायला नको."

तेव्हा ती बोलू लागली. कासाराची बोटं कशी होती, इथपासून तिने सांगितलं. चूल थंड झाली तरी नाईक उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नाईकांनी त्या दोन्ही गड्यांना दुसरं काम दिलं, दोर पुन्हा पोहणाऱ्यांच्या हाती दिला आणि त्यांच्यासमोर हिरव्या काठाची गोष्ट पुन्हा सांगितली. ती बाई दीड महिन्याने पाण्यात उतरली, तीही आधी गुडघाभरच. गाव सोडून गेलेले दोघे मात्र परतले नाहीत. शंख वाजला की काठावर आता आठच जण येत, आणि नाईक वाटेकडे बघत राहत.

तात्पर्य : पुढारी आपलं दुःख आधी बोलला, तरच त्याच्या माणसांना आपलं दुःख सांगायचं बळ येतं.