वाफेची सूट

त्या राज्यात कोणालाच वेळ नव्हता. वेळ जातो कुठे हे शोधायला एक खातं उघडलेलं होतं, पण त्या खात्यातल्या खारींनाही वेळ नव्हता. चुली केव्हाच मोडीत निघाल्या होत्या. झाडावरचे, जमिनीवरचे आणि बिळातले सगळे जण सकाळ-संध्याकाळ झटपट नूडल्स खात. चौकाचौकांत उकळत्या पाण्याच्या टाक्या होत्या. पाकीट फोडायचं, पाणी ओतायचं, मसाल्याची पुडी भुरभुरायची, दोन मिनिटं कशीबशी काढायची आणि वाफ विझायच्या आत वाटी रिकामी करायची, असा कायदा होता. फार पूर्वी शेजारच्या राज्याने हल्ला केला तेव्हा इथलं निम्मं सैन्य आमटी गार होण्याची वाट बघत बसलं होतं, म्हणून तेव्हाच्या राजाने तो केला होता. शेजारचं राज्य पुढे बुडालं. कायदा राहिला.

खाल्लेलं कसं होतं, हे मात्र ज्याचं त्याला ठरवावं लागत नसे. त्यासाठी राजजिव्हा होती.

राजजिव्हेचं पद पिढ्यान्पिढ्या उदमांजरांच्या घराण्यात होतं आणि त्या वेळी ते उदाबाईकडे होतं. उदाबाईचं नाक तिखट आणि जीभ त्याहून तिखट. बाजारात नूडल्सचा नवा प्रकार आला की त्याची पहिली वाटी चाखणीच्या ओट्यावर तिच्यापुढे येई. सगळ्या राज्यात तिला एकटीला वाफेची सूट होती; वाटी कोमट होईपर्यंत तिने खुशाल थांबावं, असं तिच्या नेमणुकीच्या पत्रातच लिहिलं होतं. ती थांबे, एक घास घेई, डोळे मिटे आणि शेजारच्या घंटेचा दोर ओढे. टाकाऊला एक टोल, बऱ्यापैकीला तीन, उत्तमाला चार. अर्धा टोल द्यायचा असला तर घंटेवर पंजा दाबून दोर ओढायचा, म्हणजे नुसताच थद्द असा आवाज येई. ओट्याच्या कठड्यावर टिटवी बसलेली असे. टोल मोजून ते राज्यभर ओरडत सुटणं हे तिचं काम होतं, आणि त्या कामाला तिच्याइतकं लायक दुसरं कोणी नव्हतं.

मग घरोघरी जेवणाच्या गोष्टी निघत. "आज काय खाल्लंत?" असं एका सशाने विचारलं की दुसरा म्हणे, "साडेतीन." "बरं होतं की. आमच्याकडे परवा चार होतं, पोरांनी वाट्या चाटूनपुसून लख्ख केल्या." कोणी लग्नाच्या पंगतीत दोन टोलांच्या नूडल्स वाढल्या तर वऱ्हाडी रुसून बसत.

त्या वर्षी शिंगोत्सवाच्या तोंडावर घूसशेठने एकदम बेचाळीस नवे प्रकार बाजारात आणले. घूसशेठ म्हणजे बडं प्रस्थ. राज्यातले नूडल्सचे सतराच्या सतरा कारखाने त्याने जमिनीखालून पोखरत पोखरत आपल्या बिळाला जोडून घेतले होते. रानमिरची, कोकम-कढी, मेतकूट-तूप, भाजका लसूण, नावं ऐकूनच तोंडाला पाणी सुटावं. आणि पाकिटांवरची चित्रं तर अशी की आतला माल टाकून पाकीटच खावं. राज्याचे राजे गवेमहाराज यांनी दवंडी पिटवली की उत्सवाच्या दिवशी ज्या प्रकाराला पाच टोल पडतील तोच पुढे सगळ्या राज्याने खायचा, म्हणजे निवडण्यातही वेळ जायला नको. आता पाच टोल उदाबाईने जन्मात कधी दिले नव्हते. "पाचवा टोल देऊन बसले तर उद्यापासून मी चाखू कशाला?" असं ती म्हणे, आणि या गोष्टीचा तिला फार अभिमान होता.

उत्सवाच्या आठ दिवस आधी बेचाळीसांची छाननी होती, आणि ती एका दिवसात उरकायची होती. दहा वाट्या रीतसर झाल्या. अकरावी गार व्हायची वाट बघत उदाबाई बसली तेव्हा खाली जमलेल्या गर्दीत चुळबुळ सुरू झाली. एक रानडुक्कर मोठ्याने म्हणालं, "बाईंची वाटी थंड होईस्तोवर आमची हाडं थंड होतील." सगळे हसले. उदाबाईला ते लागलं. तिने रागाच्या भरात वाटी उचलली आणि वाफेसकट घास तोंडात घातला.

चटका असा बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. बाराव्या वाटीचा घास तिने घेतला तेव्हा तोंडात काहीच आलं नाही. तिखट नाही, आंबट नाही, नुसतं काहीतरी लांब लांब घशाखाली गेलं. ती घाबरली. पण अजून तीस पाकिटं समोर मांडलेली, टिटवी चोच उघडून तयार, आणि गर्दी बघतेय. तिने पाकिटाकडे पाहिलं. चित्रातली मिरची चांगली लालभडक होती, म्हणून साडेतीन टोल दिले. पुढच्या चित्रात तुपाची धार जरा पिवळट वाटली, तिला दोन. कोकमाचा रंग तिला पहिल्यापासून आवडायचा, त्याला साडेचार. असं करत करत तिने बेचाळीस वाट्या संपवल्या आणि नऊ प्रकार उत्सवासाठी निवडून दिले.

चोराच्या मनात चांदणं. पुढचे दोन दिवस उदाबाई बाजारातून जाताना भिंतीला घासून चालत होती. आता कोणीतरी अडवेल आणि म्हणेल, बाई, मेतकुटाला दोनच कसे हो दिलेत? पण अडवलं कोणीच नाही. उलट टिटवी सांगत आली, "बाई, सगळे म्हणतायत की यंदा तुमची जीभ फार चालली. इतका अचूक कौल आजवर लागला नव्हता." उदाबाईला आधी हायसं वाटलं. मग तिला भयंकर अपमान झाल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं जीव ओतून चाखलं ते आणि आताचं हे, दोन्ही यांना सारखंच? ओट्यामागे जाऊन ती थोडी रडली.

तिसऱ्या दिवशी कासवआप्पा आले. ते खरं तर छाननीच्या दुसऱ्या दिवशीच निघाले होते.

"उदाबाई, एक शंका होती," ते म्हणाले. "कोकम-कढीला साडेचार आणि मेतकूट-तुपाला दोन, हे कसं काय?"

उदाबाईने उलट विचारलं, "का? तुम्हाला काय वाटलं?"

"मला दोन्ही एकच वाटल्या. मीठ, तिखट आणि वर थोडा रंग. बाकीच्यांचंही तेच आहे. मी बेचाळीस पाकिटं फोडून पाहिली. पुडी सगळ्यांत एकच आहे, नावं तेवढी वेगळी छापलीत."

"आणि हे तुम्हालाच तेवढं कळलं?"

"मी सावकाश खातो. टाकीपासून सावलीपर्यंत वाटी न्यायची म्हणजे माझी वाफ रस्त्यातच जाते. पूर्वी शिपाई दंड करायचे, पण माझ्याबरोबर चौकीपर्यंत चालताना त्यांचाच दिवस मोडायचा. त्यांनी नाद सोडला." कासवआप्पांनी मान थोडी बाहेर काढली आणि तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुमची जीभ भाजलीय वाटतं."

उदाबाईने नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून टाकलं.

"मग त्यात काय एवढं? इथे सगळ्यांचीच भाजलेली आहे. तुमची परवा भाजली, त्यांची लहानपणीच भाजली, एवढाच काय तो फरक. चार दिवस गार खा. येईल परत."

उदाबाई त्या दिवशी बराच वेळ घंटेखाली बसून राहिली. टिटवीचं ओरडणं, सशांचं साडेतीन-साडेचार, चाटूनपुसून लख्ख केलेल्या वाट्या, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि कोणाचा राग करावा हे तिला कळेना.

तिने कासवआप्पांचं ऐकलं. ओढ्याचं पाणी, करवंदं, फणसाचे गरे, एवढ्यावरच ती राहिली. चौथ्या दिवशी करवंदाचा आंबटपणा टाळूला झोंबला तेव्हा तिला इतका आनंद झाला की बीसुद्धा तिने चघळून चघळून खाल्ली.

शिंगोत्सवाला सगळं राज्य लोटलं. गवेमहाराज शिंगांना झेंडूच्या माळा बांधून उंच आसनावर बसले. घूसशेठ मिशा साफ करून त्यांच्या पायाशी बसला. नऊ प्रकारांच्या नऊ वाट्या ओट्यावर मांडल्या गेल्या, आणि त्याच नऊ प्रकारांच्या वाट्या गर्दीतही वाटल्या गेल्या. गर्दीने कायद्याप्रमाणे भराभर खाऊन घेतलं आणि आपल्याला ते कसं लागलं हे ऐकायला कान टवकारले.

उदाबाई थांबली. सगळ्या वाफा विझू दिल्या. मग एकेक घास घेतला, आणि नवव्या घासानंतर दोर ओढला. एक टोल.

"एक!" टिटवी सवयीने ओरडली आणि चपापली. "कुठल्याला बाई?"

"सगळ्यांना. सगळ्या एकच आहेत."

मग पुढच्या रांगेतल्या सशाने तोंड वेडंवाकडं केलं. "तरीच म्हटलं मळमळतंय." त्याच्या शेजारचा थुंकला. रानडुक्कर म्हणालं की त्याला पहिल्या घासालाच संशय आला होता. बघता बघता सगळं मैदान थू थू करू लागलं, आणि घूसशेठ आसनाखाली शिरला.

"सशेराव, तुम्हाला खरंच वाईट लागलं का?" उदाबाईने वरून विचारलं.

"म्हणजे काय? एक टोल म्हणजे विषच की."

उदाबाईने कळवळून सांगितलं, "तसं नको. मी सांगते म्हणून नको. आणखी एक वाटी घ्या आणि वाफ जाईपर्यंत थांबा. तुमचं तुम्हालाच कळेल."

महाराज उदार होते. त्यांनी परवानगी दिली. पुन्हा वाट्या भरल्या गेल्या आणि सगळं राज्य वाफेकडे बघत उभं राहिलं. आयुष्यात प्रथमच कोणाला काही काम नव्हतं. हातापायांचं काय करावं हे त्यांना सुचेना. माकडं एकमेकांना ओरबाडू लागली, एका सांबराला घेरी आली, पिल्लं भोकाड पसरून रडू लागली, आणि वाफ अजून निम्मीही गेली नव्हती. "आमच्यानं हे व्हायचं नाही," असा गलका उठला. "थांबायचं काम बाईंचं आहे, त्यांना ते परवडतं."

मान खाली घालून महाराजांनी विचार केला. ते रागावले नाहीत. मऊ आवाजात म्हणाले, "उदाबाई, दोष तुमचा नाही, त्या वाफेच्या सुटीचा आहे. प्रजा एक खाते आणि तुम्ही दुसरंच चाखता, मग मेळ बसणार कसा? आजपासून वाफेची सूट रद्द. राजजिव्हा प्रजेसारखीच खाईल. पटत नसेल तर ओट्यावरून उतरायला तुम्ही मोकळ्या आहात, आमचा राग नाही."

लोकांना हे फार आवडलं. एवढा न्याय त्यांना कधी मिळाला नव्हता.

मैदानाच्या टोकाला करंजाच्या सावलीत कासवआप्पा वाटी घेऊन बसले होते. त्यांनी शेजारची पानं बाजूला सारून जागा केली आणि उदाबाईकडे पाहिलं. ती जागा एकाला पुरेशी होती. उदाबाईने ती पाहिली, आणि मग घंटा पाहिली, आईच्या आणि आजीच्या पंज्यांनी गुळगुळीत झालेला दोर पाहिला, टिटवीची वाट बघणारी चोच पाहिली. आपण उतरलो तर इथे कोण बसणार हेही तिला दिसलं; घूसशेठची धाकटी लेक आतापासूनच आसनाआडून जीभ काढून दाखवत होती. एकच घास, उदाबाईने स्वतःला समजावलं. मग चार दिवस करवंदं.

टिटवीने उकळत्या कोकम-कढीची वाटी पुढे केली. उदाबाईने घास घेतला. मैदान आनंदाने चीत्कारलं, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि कळ थांबवायला हाताला काहीतरी हवं म्हणून तिने दोर घट्ट धरून ओढला, पुन्हा ओढला, ओढतच राहिली. खाली सगळे डोळे मिटून मिटक्या मारू लागले होते.

घंटा थांबल्यावर ती टिटवीकडे कलली.

"किती पडले गं?" तिने हळूच विचारलं.

"पाच, बाई."

"हो का?" उदाबाई म्हणाली, आणि तिनेही डोळे मिटून ओठांवरून जीभ फिरवली.