पिंपळकोंडची टिंबबंदी

दोष सरळसरळ रणधीररावांचा! पिंपळकोंडच्या या महाराजांना इंग्रजी यायचं चार ओळींचं आणि मिजास चाळीस कोसांची.

"मार्तंडा!" महाराज एक दिवस कडाडले. "आमच्या पत्रात दर ओळीला हे काळं टिंब कसलं?"

राजवाड्याचा इंग्रजी कारकून मार्तंड पुढं झाला. "पूर्णविराम, सरकार. वाक्य संपलं की इंग्रजीत द्यावाच लागतो."

"आमचा शब्द संपतो? आणि हे शेपटीवालं?"

"स्वल्पविराम. तिथं जरा थांबायचं."

"राजा थांबतो? आजपासून टिंब बंद! इंग्रजांच्या मोठ्या साहेबाला पत्र लिही. एकही टिंब नको आणि एकही अक्षर लहान नको. आमच्या राज्यात काही लहान नसतं! साहेबानं ते परत धाडलं, तर मिशी भादरून गाढवावरून धिंड!"

"वा सरकार, वा!" दिवाणजी म्हणाले. म्हाताऱ्याला इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं. पण जन्मभर 'वा' म्हणूनच तर तो दिवाण झाला होता.

मार्तंड घरी येऊन डोकं धरून बसला. "ठकू, असलं पत्र साहेब वाचायचा नाही. गेली माझी मिशी!"

ठकू त्याची लेक. मिशनच्या शाळेत शिकलेली आणि तोंडाची फटकळ. "आबा, इतकी वर्षं नुसती मान हलवलीत, म्हणून ती मान आता गाढवावर चाललीय. लिहा पत्र, म्हणतात तस्सं. दरबारात वाचते मी!"

राजवाड्याची एक रीत होती. बाहेर जाणारं पत्र आधी दरबारात मोठ्यानं वाचायचं. वाचन चालू असेतो सगळे उभे, खुद्द महाराजसुद्धा. ते संपलं की तुतारी वाजायची, मगच बसायचं. रीत महाराजांच्या आजोबांनी घातलेली. आजोबांचे गुडघे दुखत नव्हते, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी ठकूनं सुरुवात केली. महाराजांच्या पदव्या, महाराजांचे हत्ती, हत्तींच्या आया, सगळं एका दमात! कागदाच्या तळाशी आली आणि पुन्हा वरून सुरू!

दुसरा फेरा झाला. महाराजांच्या पायाला मुंग्या आल्या. मुदपाकखान्यातून साखरभाताचा वास यायला लागला. तिसऱ्या फेऱ्याला दिवाणजी भालदाराच्या खांद्यावर लटकले.

"पोरी, संपलं ना?" महाराजांनी विचारलं.

"कसं कळणार, सरकार? संपल्याची खूण आपणच बंद केलीत!" ठकू म्हणाली आणि हत्तींकडे वळली.

"मग जरा थांब तरी!"

"थांबायची खूणही बंद, सरकार!"

"अरे, फुंक ती तुतारी!"

"वाचन चालू आहे, सरकार," तुतारीवाला म्हणाला. "आजोबांची रीत!"

दिवाणजींच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा 'वा'ऐवजी "आई गं!" निघालं.

"दे गं बाई, एक टिंब दे!" महाराज काकुळतीला आले.

"हुकूम मोडू? आबांची मिशी जाईल!"

"मिशी राहील! टिंबं चालू! अक्षरं हवी तेवढी लहान कर!"

"लेखी द्या, सरकार!"

टेकायला काही नव्हतं, म्हणून महाराजांनी दिवाणजींना वाकवलं आणि त्यांच्या पाठीवर कागद ठेवून हुकूम खरडला. शेवटी टिंब असं टेकवलं की म्हातारा कळवळला!

ठकूनंही आपल्या कागदावर टिंब दिलं. तुतारी वाजली. महाराज धपकन गादीवर बसले.

"कारटे, राजाला नमवलंस!"

"छे, सरकार, बसवलं! राजाचा शब्दच थांबला नाही, तर राजा बसणार कधी?"

महाराज असे हसले की पगडी घरंगळून दिवाणजींच्या मांडीवर पडली. हसता हसताच त्यांनी आपली लाडकी पांढरी घोडी ठकूला देऊन टाकली. मार्तंडानं मिशीवरून हात फिरवला.

ते एक टिंब महाराजांना एक घोडी आणि गार साखरभात एवढ्याला पडलं.