शाई उगाळण्याआधी

नदीकाठच्या टेकडीच्या पोटात एक खाण आहे. तिचं तोंड शिळा रचून बुजवलेलं. चंदनाला जशी सहाण, तशी शाईच्या कांडीलाही लागते. जुन्या चिनी पंडितांच्या मेजांवरच्या, ढग-कमळं कोरलेल्या नामांकित सहाणा इथल्याच दगडाच्या. नुसता श्वास सोडला तरी तो ओलावतो, असं सांगतात. पंडित म्हणे बायकोपेक्षा सहाण जास्त पारखून आणायचे. "आणि जास्त जपायचे," आम्हाला खाण दाखवणाऱ्या वूआजी म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत.

एका सुभेदाराला या दगडाची हाव सुटली. खाणीत पाणी भरलेलं. उतरलेली माणसं वर येईनात, तेव्हा उरलेल्यांनी नकार दिला. सुभेदाराने कचेरीत मेइलानला शाई उगाळायला बसवलं. सहाणा कोरणाऱ्या गुओची ही बायको. अक्षरओळख नव्हती, पण हात असा की कांडीचा आवाज होत नसे. तान्हं पाठीला बांधून तिने दाट, तुकतुकीत शाई केली. सुभेदाराने वाखाणली, तेव्हा सुखावलीही म्हणे. त्याच शाईने त्याने, नकार देण्यात पुढे असलेल्या गुओच्या शिरच्छेदाचा हुकूम लिहिला. दुपारी मुंडकं खाणीच्या तोंडाशी बांबूवर टांगलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणं. कांडी हातातच धरून तिने विचारलं, "काय लिहिणार?"

"तुला गं कशाला चौकशा? तुझ्या दिराचं नाव. चालव हात."

तिने सहाण दोन्ही हातांनी उचलून त्याच्या कपाळावर घातली. तो कोसळला तरी घालत राहिली, कोरलेली कमळं रक्ताने भरेपर्यंत. शिपाई धावले. मागचं दार उघडं होतं. पण पळायचं तर पाठ फिरवावी लागणार, आणि पाठीवर बाळ. ती वळली नाही. भाले छातीत घुसले. एकाचं टोक आरपार येऊन बाळाच्या कानाला चाटून गेलं. भाले उपसले, तेव्हा ती पुढे, तोंडावर पडली.

"बाळ रडलं नाही?" मी विचारलं.

"रडलं की. म्हणून तर शिपायांच्या प्रेतांखालून सापडलं."

दिराच्या नावाचा हुकूम कोराच राहिला. तो पुरा करायला कारकून गावभर हिंडला, एकही बाई शाई उगाळायला बसेना. तोवर खाणकरी छिन्न्या घेऊन कचेरीत शिरले होते. शिपायांतला एकही जिवंत सुटला नाही. बाळ दिरानेच वाढवलं, खाणही त्यानेच बुजवली.

आजही इथे शाई उगाळणारी बाई पाणी घालण्याआधी विचारते, "काय लिहिणार?" समोर मास्तर असो की मोठा पंडित, मोठ्याने सांगावं लागतं. खाणीवरून परतल्यावर त्यांच्या घरी मी कुंचला उचलला, तेव्हा वूआजींनी मलाही विचारलं.

"मुलीचं नाव."

त्यांचा हात थांबला. "कशाला?"

"पाळण्यावर लावायला."

मग त्यांनी सहाणेवर पाण्याचा थेंब सोडला.