ठिपकी, इवलू आणि थिजलेला कॉम्प्युटर

बाजारात होतं एक झेरॉक्सचं दुकान. दुकान मंदाकाकूंचं. दुकानाच्या भिंतीत होतं एक भोक. भोक मात्र मुंग्यांचं!

भोकात राहायची ठिपकी मुंगी. एवढुश्शी! तिचा भाऊ इवलू. तो तर तिच्याहूनही एवढुस्सा!

आई गेली होती साखर आणायला. लांब, मिठाईच्या दुकानात. दोन दिवसांनी येणार होती. "ठिपके, इवलूला सांभाळ हं," असं सांगून गेली होती.

इवलूजवळ आईचं एक चित्र होतं. ते उशाशी घेतलं की इवलू निजायचा. नाहीतर नाही म्हणजे नाही!

त्या दिवशी काय झालं, इवलूनं चित्र ठेवलं दुकानाच्या पायरीवर. तिकडून आली बकरी. मचमच, मचमच! चित्र गेलं बकरीच्या पोटात.

"ऊंऽऊंऽऊं! बकरीनं माझी आई खाल्ली!"

इवलू रडला, रडला, रात्रभर रडला. सकाळ झाली, तरी रडतच होता.

"उगी रे माझ्या राजा," ठिपकी म्हणाली. "ते चित्र कॉम्प्युटरदादानंच दिलं होतं. आईचा फोटो अजून त्याच्यात आहे. मी जाते. नवं चित्र आणते."

मंदाकाकू गेल्या होत्या चहा प्यायला. बाहेर थंडी होती. हुडहुडी भरत होती. ठिपकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. चढली टेबलावर.

"कॉम्प्युटरदादा, कॉम्प्युटरदादा, चित्र दे.
चित्र नाही, इवलू रडतो."

"देईन की गं बाळ! पण प्रिंटर उठतो, जोरात ओरडतो. त्याचं ऐकता ऐकता मी थिजतो. हलता येत नाही, बोलता येत नाही. बंद होऊन पाहिलं. चालू होऊन पाहिलं. प्रिंटर उठला की पुन्हा थिजलो! जा, त्याला गप्प कर."

ठिपकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"प्रिंटरकाका, प्रिंटरकाका, ओरडू नका.
काका ओरडतात, दादा थिजतो.
दादा थिजतो, चित्र नाही.
चित्र नाही, इवलू रडतो."

"घर्र घर्र खट्ट! ओरडू नको तर काय करू? पोटात कागद अडकलाय. दुखतंय गं! जा, चिमट्याला सांग कागद ओढायला."

ठिपकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. चिमटा होता खिळ्याला टांगलेला.

"चिमटेभाऊ, चिमटेभाऊ, कागद ओढ.
कागद अडकला, काका ओरडतात.
काका ओरडतात, दादा थिजतो.
दादा थिजतो, चित्र नाही.
चित्र नाही, इवलू रडतो."

"करकर, करकर! ओढला असता गं. पण माझा सांधाच आखडलाय. तोंड उघडत नाही. जा, तेल आण."

हात्तिच्या! आता तेल कुठून आणायचं? अहो, फळीवर होती ना खोबरेलाची बाटली. मंदाकाकू केसांना लावायच्या तीच.

ठिपकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"खोबरेलमावशी, खोबरेलमावशी, तेल दे.
चिमटा आखडला, कागद अडकला.
कागद अडकला, काका ओरडतात.
काका ओरडतात, दादा थिजतो.
दादा थिजतो, चित्र नाही.
चित्र नाही, इवलू रडतो."

खोबरेलमावशी आतून म्हणाली, "अगं बाई, मी कशी येऊ? थंडीनं गोठलेय. पांढरी घट्ट झालेय बघ! खोबरेलाला थंडीत ऊन दाखवावं लागतं. जा, उन्हाला बोलाव."

खिडकीला होता जाडजूड पडदा. ऊन होतं पडद्याच्या पलीकडे. ठिपकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. शिरली पडद्याखालून.

"ऊनदादा, ऊनदादा, आत ये.
तेल गोठलं, चिमटा आखडला.
चिमटा आखडला, कागद अडकला.
कागद अडकला, काका ओरडतात.
काका ओरडतात, दादा थिजतो.
दादा थिजतो, चित्र नाही.
चित्र नाही, इवलू रडतो."

"मी तर केव्हाचा उभा आहे! पडदा वाट देईल तर ना? जा, पडद्याला सांग."

ठिपकीचे पाय दुखायला लागले होते. भोकातून आवाज येत होता, ऊंऽऊंऽऊं! ठिपकी कशी थांबेल? ठिपकी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"पडदेबुवा, पडदेबुवा, बाजूला सरका.
ऊन अडलं, तेल गोठलं.
तेल गोठलं, चिमटा आखडला.
चिमटा आखडला, कागद अडकला.
कागद अडकला, काका ओरडतात.
काका ओरडतात, दादा थिजतो.
दादा थिजतो, चित्र नाही.
चित्र नाही, इवलू रडतो."

"सरकलो असतो गं पोरी. पण माझ्या टोकावर मनी निजलीय. केवढी जड! जा, तिला उठव."

बाप रे! मनी म्हणजे मांजर. एक पंजा एवढा मोठा! पण इवलू रडत होता ना? ठिपकी निघाली. तुरु तुरु. हळू... तुरु तुरु.

"मनीमावशी, मनीमावशी, उठतेस का गं?
पडदा दबला, ऊन अडलं.
ऊन अडलं, तेल गोठलं.
तेल गोठलं, चिमटा आखडला.
चिमटा आखडला, कागद अडकला.
कागद अडकला, काका ओरडतात.
काका ओरडतात, दादा थिजतो.
दादा थिजतो, चित्र नाही.
चित्र नाही, इवलू रडतो."

मनीनं एक डोळा उघडला. "म्याँव! सगळे मला हाकलतात. शुक शुक करतात. मला कुणी गोंजारतच नाही. आधी गोंजार, मग उठते."

आता मुंगी मांजराला गोंजारणार तरी कशी? मुंग्यांची आपली एक रीत असते. वाटेत कुणी भेटलं की त्या थांबतात आणि मिशीनं हळूच शिवतात. ठिपकीनं तेच केलं. मनीच्या नाकावर चढली आणि मिशीनं हळूच शिवली. इकडे जरा, तिकडे जरा.

"घुर्र घुर्र घुर्र!" मनीला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं! मनीनं अंग ताणलं, आणि...

मनी उठली, टुपकन!
पडदा सरकला, सर्रर्र!
ऊन आलं, लख्ख!
तेल वितळलं, गुळुक गुळुक!
चिमटा हलला, टक टक!
कागद निघाला, फर्रकन!
"हुश्श!" प्रिंटरकाका म्हणाले. पोट दुखायचं थांबलं. ओरडणंही थांबलं.
आणि दादा? दादा थिजला नाही! अजिबात नाही!

"सांग ठिपके," कॉम्प्युटरदादा म्हणाला, "केवढं चित्र देऊ? तुझी आई केवढी आहे?"

ठिपकीनं सगळे पाय ताणले. "माझी आई ना? खूऽऽप मोठ्ठी!"

"बरं, मग खूप मोठ्ठं देतो."

सुर्रर्र, सुर्रर्र! प्रिंटरकाकांनी चित्र काढलं. अख्ख्या कागदभर आई! तरंगत तरंगत कागद खाली आला. भिंतीपाशी पडला, भोकासमोरच.

इवलूनं पाहिलं. रडणं विसरला. "आई!" धावत गेला, चित्रावर चढला. एवढं मोठं चित्र उशाशी कसं मावणार? म्हणून इवलू चित्रावरच आडवा झाला, आईच्या कुशीत. आणि निजलासुद्धा.

ठिपकी कडेला उभीच होती. दमली होती बिचारी.

"तू नाही निजत?" दादानं हळूच विचारलं.

"मी ताई आहे ना. मला इवलूला सांभाळायचंय."

"त्याला आम्ही सांभाळतो गं," दादा म्हणाला. प्रिंटरकाका म्हणाले, "आम्ही आहोत." मनी म्हणाली, "मी पण!"

ठिपकीला एकदम आईची आठवण आली. खूप खूप आली. ताई झाली म्हणून काय झालं? ठिपकीसुद्धा लहानच होती. ती चित्रावर चढली. आईच्या कुशीत शिरली. इवलूला बिलगली. डोळे मिटले.

मंदाकाकू चहा पिऊन आल्या. खाली कागद दिसला. उचलायला वाकल्या. वाकल्या, आणि थांबल्या. "अगं बाई, लेकरं निजलीत!"

त्यांनी तो कागद तिथेच राहू दिला.