लालसूचा गोटा

“प्रेत सापडलं नसंन, तरी गोटा उभा करता येते का?”

कोलूनं हे विचारलं तेव्हा खड्डा खोदून झाला होता आणि बैलांनी ओढून आणलेला गोटा, माणसाहून उंच दगड, काठावर आडवा पडला होता. आता विचारून काय उपयोग? पण कोलू तसाच. आधी काम, मग परवानगी.

रैनू भुमक त्याचा गुरू. गावाची देवकार्यं करणारा, मेलेल्यांच्या नावानं गोटे उभे करणारा म्हातारा. त्याच्या हाताखाली शिकून कोलू तयार झाला होता, आणि तसं चारचौघांत सांगतही होता.

“येते,” रैनू म्हणाला. “पन मेला हे ठाव पायजे.”

“माहा लालसू मिरची तोडाले गेला, तो गेलाच. संगचे सारे आले. नदीले पूर होता म्हंतात… त्याची माय अजून रोज त्याचं जेवन काढून ठेवते, बाबा. मले पाहवत नाई.”

भोवती माळावर जुने गोटे उभे होते. माणसाहून उंच, सगळे एकाच बाजूला कललेले. कुणी उभे केले, कधी केले, कुणालाच ठाऊक नाही. गाव आपले गोटे त्यांच्याच शेजारी लावतं.

“मार हाक,” रैनू म्हणाला.

रीत अशी, की गेलेल्याला खड्ड्यात वाकून शेवटची हाक मारायची आणि लगेच गोटा उभा करायचा. हाक मारणाऱ्यानं मान वर करायची नाही. एकदा मान वर केली म्हणून कोलूनं सख्ख्या काकाला सगळ्यांसमोर झापलं होतं.

तो वाकला.

“लालसू… ए लालसू…”

आणि त्यानं मान वर करून रस्त्याकडे पाहिलं.

रस्त्यावर कुणी नव्हतं. तरी तो पाहतच राहिला. पोरगा दिसावा म्हणून त्याचा जीव नुसता तुटत होता.

रैनूनं गोट्याला बांधलेला दोर सोडला.

“चुकलो, बाबा. पुन्हा मारतो.”

“पुन्हा बी पाहशीन.”

“मग हा गोटा?”

“पडू दे.”

“किती दिवस?”

 म्हाताऱ्यानं कोलूचा हात धरून त्याला माळाच्या पार टोकाला नेलं आणि काठीनं गवत बाजूला केलं. खाली एक भलामोठा जुना गोटा आडवा होता. शेजारी बुजत आलेला खड्डा.

“पडला असंन,” कोलू म्हणाला.

“पडला नाई. ज्यानं आनला, त्यानं उभाच नाई केला.”

कोलू खाली बसला. खड्ड्यातली माती त्यानं हातानं उकरून पाहिली. गोटा आत ठेचून बसवायला आणलेले लहान दगड तसेच कडेला रचलेले होते…

 त्यातला एक दगड हातात घेऊन त्यानं विचारलं.

“त्याचा पोरगा आला का, बाबा?”

रैनूनं गवत पुन्हा सारखं केलं.

“कोनाले ठाव? गोटा तं अजून आडवाच हाय, कोलू.”