शांतवन सरांची साक्ष

"मेलेल्या माणसाशी बेइमानी होते का, पाळकसाहेब?"

रेव्हरंड लेमुएल आव्हाड ख्रिस्तमंदिराच्या ओट्यावर सूप घेऊन बसले होते. नाताळच्या प्रीतिभोजनाचे तांदूळ निवडणं चाललं होतं. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाबद्दल विचारतोयस?"

"सुलोचनाबद्दल."

"हं..." म्हाताऱ्याने एक खडा टिपून अंगणात टाकला.

विचारणारा होता शांतवन पठारे, हायस्कूलचा हेडमास्तर. प्रवरेकाठच्या त्या गावात ख्रिस्ती मंडळीतला मानाचा माणूस. बायको सुलोचना गेली तेव्हा त्याची सलोमी नुकतीच शाळेत जायला लागली होती. त्याने एकट्याने तिच्या वेण्या घातल्या, डबे भरले, ताप काढले. दुसरं लग्न केलं नाही, आणि ते कुणाला विसरूही दिलं नाही. एखादा विधुर पुन्हा घर मांडायचं म्हणू लागला, की शांतवन सर त्याला वाटेत थांबवून उपदेश करत.

आज मात्र उभं कसं राहावं, हेच त्याला कळत नव्हतं.

"माझं मन दुसरीकडे गेलंय," तो म्हणाला. "एस्तेरबाईंकडे."

एस्तेर भिंगारदिवे मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. तीही एकटीच, नवरा केव्हाच वारलेला. पावसाळ्यात सलोमीला टायफॉइड झाला, तेव्हा ड्यूटी संपल्यावर ती रोज घरी येऊन बसायची. पोर बरी झाली, तरी तिचं येणं थांबलं नाही. घरात पुन्हा कुणीतरी हसू लागलं. शाळा सुटली की शांतवनची पावलं आपोआप घराकडे वळू लागली, आणि ती आली नाही तर जेवण गोड लागेना.

"मग?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"म्हणून सुलोचनाची क्षमा मागायची आहे. माझ्यासाठी प्रार्थना करा."

"सुलोचनाचं तू काय बिघडवलंस?"

शांतवनने ओट्यावर सांडलेला एक दाणा बोटाने बाजूला सारला.

"मग कुणाचं बिघडवलंस?"

सूप हलायचं थांबलं होतं.

"रविवारी नाताळची गाणी म्हणत मंडळी माझ्या घरी आली," शांतवन खालच्या आवाजात बोलू लागला. "एस्तेरबाई आत होत्या. सलोमीला करंज्या तळायला शिकवत होत्या. रूथकाकूंनी हसून विचारलं, सर, चुलीपाशी कोण आहे?"

"तू काय म्हणालास?"

"म्हणालो... कामाला बाई लावलीय."

"तिने ऐकलं?"

"ऐकलं. झारा खाली ठेवला, हात पुसले आणि मागच्या दाराने निघून गेल्या."

"आणि तू?"

हे सांगायला शांतवन आलाच नव्हता.

"गाणं सुरू झालं होतं. मीही म्हटलं. सगळ्यांत मोठ्याने."

सूप बाजूला ठेवून पाळकसाहेब म्हणाले, "सुलोचनाच्या पदराआड किती दिवस लपणार, शांतवन?"

तो मटकन गुडघ्यांवर बसला. "साहेब, प्रार्थना करा."

"डोळे मीट."

त्याने मिटले. शब्दांची वाट पाहिली. शब्द आले नाहीत. कपड्यांची सळसळ झाली, म्हाताऱ्याचा गुडघा कुरकुरला, मग पुन्हा शांत.

डोळे उघडले तेव्हा पाळकसाहेब त्याच्यासमोर वाकले होते. ज्यांनी त्याचा बाप्तिस्मा केला होता, त्यांनीच त्याच्या पायरीशी काढलेल्या चपला उचलून आणल्या होत्या आणि रस्त्याकडे तोंड करून नीट मांडल्या होत्या.

"साहेब, हे काय! प्रार्थना?"

"झाली."

शांतवन तिथून थेट दवाखान्यात गेला. एस्तेर औषधांच्या खोलीत बाटल्या लावत होती. त्याने दार अर्धं लोटून घेतलं.

"माझं चुकलं, एस्तेरबाई. मी घाबरलो."

"दार का लोटलंत, सर?"

त्याचा हात अजून कडीवरच होता.

"ते तुम्ही भरल्या घरात बोललात," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, हात तेवढे थांबले. "हे मात्र मला एकटीलाच सांगताय. माझीच लाज वाटते ना तुम्हाला?"

तो खाली मान घालून परतला. घरी सलोमीने ताट वाढलं आणि पाठ फिरवली. रविवारपासून ती बापाशी बोलली नव्हती.

नाताळच्या सकाळी मंदिर भरलं होतं. पताका, नवे कपडे, पोरांची चुळबुळ. मंडळीपुढे आपला अनुभव सांगून साक्ष द्यायची वेळ आली, तसा शांतवन उठला. लोक सावरून बसले. सर दर वर्षी सुंदर बोलत.

"रविवारी माझ्या घरात कामाची बाई नव्हती," तो म्हणाला. "एस्तेरबाई होत्या. माझं लेकरू त्यांनी मरणाच्या दारातून परत आणलं. लोक काय म्हणतील म्हणून मी त्यांना नाकारलं. मी खोटं बोललो."

कुठेतरी बाकडं वाजलं.

"मला त्या आवडतात. लग्नाचं अजून विचारलेलं नाही. विचारायचं तोंड उरलेलं नाही. ज्यांना ज्यांना मी उपदेश केला, त्यांनी मला क्षमा करावी."

तो बसला. कुणी 'आमेन' म्हटलं नाही. मागे कुणीतरी खुदकन हसलं, आणि ते हसू त्याच्या अंगावर चटक्यासारखं उमटलं.

मग सलोमी उठली. बायकांच्या बाजूला गेली आणि एस्तेरच्या शेजारी दाटीवाटीने बसली. एस्तेरने पुढ्यातलं गीतांचं पुस्तक तिच्याकडे सरकवलं. शांतवनकडे तिने पाहिलंही नाही.

उपासना संपली. अंगणात पंगतीची गडबड सुरू झाली. एस्तेर त्याच्याजवळून जाताना थांबली. रूथकाकू अगदी शेजारी उभ्या होत्या. तिने आवाज कमी केला नाही.

"आज संध्याकाळी मला ड्यूटी नाही, सर. काय विचारायचं राहिलंय ते येऊन विचारा."

सलोमी तिचा हात धरून पंगतीकडे निघाली. जाताना वळून म्हणाली, "बाबा, जेवायला चला."

शांतवनचे डोळे भरून आले. मंदिराच्या दारात पाळकसाहेब एकेकाशी हस्तांदोलन करत उभे होते. शांतवन शेवटी गेला.

"सलाम, साहेब."

"सलाम."

"सगळं बोललो. त्यांनी बोलावलंही. तरी..." त्याने मान खाली घातली. "तरी लाज जात नाही."

पाळकसाहेबांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

"असू दे. नव्या संसारात तेवढी एक जुनी वस्तू घेऊन जा."