वाघिणीचा मुजरा

वाघिणीने आपल्याला मुजरा केलाच पाहिजे, असं राजा चंडप्रतापाने भर दरबारात जाहीर केलं आणि पंचाईत झाली ती बिचाऱ्या वाघिणीची. झालं होतं असं, की राजा नुकताच व्याह्यांकडे पाहुणचार झोडून आला होता. तिथे साखळीला बांधलेला एक मरतुकडा वाघ चाबूक दिसला की मान खाली घालायचा. व्याही मिशीला पीळ देत म्हणाले, "आमच्याकडे वाघसुद्धा मुजरा करतो." तेव्हापासून राजाला अन्न गोड लागेना. दोन ताटं जायची तशीच जात होती, पण गोड लागत नव्हती.

राजाच्या रानात एक वाघीण होती. तिला बघायला तो वरचेवर जायचा, पण ती एकदाही दिसली नव्हती. दिसणार कशी? पुढे ढोलताशे, मागे हत्ती, मध्ये आचाऱ्यांचा तांडा, आणि राजाच्या अंगावर अत्तर इतकं की मुंग्यासुद्धा वाट बदलायच्या! शेवटी प्रधानाने तोड काढली. पाणवठ्याच्या वाटेवर खड्डा खणायचा, वाघीण पडली की पिंजऱ्यात कोंडायची आणि मान लववेपर्यंत उपाशी ठेवायची. खड्डा खणूनही झाला. वर फांद्या पसरायच्या तेवढ्या राहिल्या होत्या.

हे रानराख्याच्या मुलीच्या, झुंबरच्या कानावर गेलं आणि तिचं डोकं फिरलं. वाघीण होती म्हणून रानडुकरं पाड्यावरच्या शेतांत पाऊल टाकायला भीत. ती गेली की अख्ख्या पाड्याच्या पोटावर पाय. शिवाय झुंबर तिला अगदी पिल्लू असल्यापासून लांबून बघत आली होती. पिंजऱ्यातली वाघीण तिला बघवली नसती. ती तडक दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, साखळीतल्या वाघाने मान लववली त्यात कसलं कौतुक? मोकळी वाघीण आपल्या पायांनी येऊन तुमच्यासमोर मान लववेल. मग मात्र तो खड्डा बुजवायचा."

"आणि नाही लववली तर?" प्रधानाने विचारलं.

"तर तिच्या पिंजऱ्यात मला घाला."

राजाचे डोळे चमकले. मोकळ्या वाघिणीचा मुजरा! व्याह्यांचं तोंड कसं होईल, ते त्याला आत्ताच दिसू लागलं. पण झुंबरने पुढे एक अट घातली. वाघीण मोठी मानी, तिच्या घरी तिच्याच रीतीने जायचं. म्हणजे पायी जायचं, ढोल नाही, हत्ती नाही, अत्तराचा थेंब नाही, भरजरी अंगरखा नाही, आणि बोलायचं तर अजिबातच नाही. शेवटची अट ऐकून राणीसाहेब पदराआड हसल्या म्हणे.

दुसऱ्या दिवशी राजा मातकट बंडी घालून जन्मात पहिल्यांदा रानात पायी चालला. प्रधानाचे जोडे करकरत होते, ते झुंबरने त्याला काढायला लावले. काटे मोडले तरी "आई गं" म्हणायची सोय नव्हती. पाणवठ्याच्या काठावर झुंबरच्या बापाने मचाण बांधलं होतं, तेही अशा बाजूला की वारा पाण्याकडून मचाणाकडे वाहावा. तिघं वर चढून गप्प बसली.

उन्हाचा कडाका होता. राजाच्या नाकावर माशी बसली. त्याने हात उचलला, झुंबरने डोळे वटारले, हात खाली गेला. राजाला आजवर असं कुणी दटावलं नव्हतं. करायला काही नाही म्हणून तो ऐकू लागला, तर रान केवढं बोलत होतं! इतकी वर्षं त्याच्या ढोलांनी ते ऐकूच दिलं नव्हतं.

एवढ्यात झाडावरची वानरं खाकरली. गवत हललं. वाघीण आली, आणि तिच्यामागून धडपडत दोन पिल्लं. वाटेतला उघडा खड्डा टाळून ती थेट मचाणासमोरच्या काठावर आली, पुढचे पाय मुडपून बसली आणि तिने मान खाली लववली. पिल्लांनीही लववली. राजा नाकावरची माशीसुद्धा विसरला. बऱ्याच वेळाने मायलेकरं उठली आणि आपल्या मर्जीने गवतात निघून गेली.

"महाराज, ही शुद्ध फसवणूक आहे!" प्रधान उसळला. "वाघीण पाणी प्यायली. हा कसला मुजरा?"

राजाच्या कपाळावर आठ्या चढल्या. "खरंच की. पोरी, ती पाण्यासाठी वाकली, माझ्यासाठी नाही."

झुंबर शांतपणे म्हणाली, "महाराज, दरबारात वाकतात ते तरी कुठे तुमच्यासाठी वाकतात? त्यांचंही दाणापाणी तिथेच असतं. वाघीण निदान पोट भरल्यावर कुणाच्या चहाड्या सांगत नाही."

त्यावर राजा असा हसला, असा हसला, की मचाणाच्या दोऱ्या ढिल्या पडल्या. माग काय हवं ते, तो म्हणाला. झुंबरने मागितलं एवढंच, की यापुढे रान बघायला येईल त्याने महाराज आज आले तसंच यावं, पाड्यावरच्या माणसाला पुढे घालून.

"आणि आमचे व्याही?"

"तेही. अनवाणी."

राजा पुन्हा हसत सुटला. दिलं म्हणाला, आणि खड्डा प्रधानाने स्वतःच्या हाताने बुजवायचा, असं फर्मावलं. प्रधान खाली उतरला आणि कमरेत वाकून म्हणाला, "जशी आज्ञा, महाराज."

राजाने मचाणावरून वाकून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"प्रधानजी, हा मुजरा मला, की दाण्यापाण्याला?"